गर्दीत घुसणारी गाडी आणि आपली नरकासुराची रात्र

रायबंदरकर (३ जानेवारी २०२५, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचायलाच येतो. पण तीन दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून धागा काढला.

१ तारखेच्या पहाटे सव्वातीनला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये बर्बन स्ट्रीटवर एकानं भाड्याचा पिकअप ट्रक नववर्षाच्या गर्दीत घातला. चौदा माणसं गेली. गाडीला आयसिसचा झेंडा होता. ट्रक चालवणारा पोलिसांच्या गोळीबारात तिथंच मेला.

मला राहून राहून आठवतात ते तिथले खांब. त्या रस्त्याच्या तोंडाशी गाड्या अडवायचे खांब पूर्वीच बसवलेले होते. मार्डी ग्राच्या उत्सवात लोक रंगीत मण्यांच्या माळा उधळतात, ते मणी खांबांच्या खाचांत अडकले आणि खांब निकामी झाले. फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) आधी नवे बसवायचे म्हणून काम काढलेलं. त्या रात्री तिथं पोलिसांची गाडी आडवी लावली होती. हा फुटपाथवर चढला आणि तिला वळसा घालून आत गेला.

ही बातमी वाचली तेव्हा मी जुन्या गोव्यात रांगेत उभा होतो. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शवप्रदर्शन परवा ५ तारखेला संपतंय, शेजारीण म्हणाली चला, म्हणून आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो. पुढं मागं माणसंच माणसं, कडेवर पोरं. आणि मी मान वळवून रस्त्याकडं बघत राहिलो.

कार्निव्हल, शिगमो, वास्कोचा सप्ताह, मडगावची दिंडी, नरकासुराची रात्र (दिवाळीच्या आदल्या रात्री पुतळे मिरवून पहाटे जाळतात ती). आपले सगळे सण रस्त्यावरच होतात. असं काही आपल्याकडं झालं तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करील? आणि सरकारकडं आपण नेमकं काय मागायचं?

म्हापशेकार (३ जानेवारी, ९.३२)

ज्याला मरायचंच आहे त्याला कोण अडवणार, भाऊ? शुक्रवारच्या बाजारात कोणीही गाडी घालू शकतो. देव राखता म्हणून आपण आहोत.

फोंड्याचा_अभियंता (३ जानेवारी, १०.१५)

म्हापशेकार, तुमच्या श्रद्धेबद्दल आदर आहे, पण हे देवावर सोडू नका. गाडी अडवता येते आणि त्याचं एक शास्त्र आहे.

धडकेची ताकद वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला की धडक चौपट. म्हणून आधी वेग मोडायचा आणि मग गाडी थांबवायची. पणजीच्या मळा भागात किंवा फोंतेन्हासच्या गल्लीत कोणालाच वेग घेता येत नाही, वळणंच तशी आहेत. उलट मांडवीच्या काठानं मिरामारला जाणारा बांदोडकर मार्ग बघा: रुंद, लांब, सरळ. अशा रस्त्यावर मिरवणुकीच्या दिवशी आधीच्या टप्प्यात आडवेतिडवे अडथळे ठेवून गाडीला नागमोडी जायला लावलं, की शेवटचा अडथळा फार भारी असायची गरज राहत नाही.

खांबांमध्ये साधारण सव्वा मीटर अंतर ठेवतात. व्हीलचेअर जाते, मोटार जात नाही. पण खांबाचा जीव जमिनीच्या वर नसतो, खाली पायात असतो. नुसते आणून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे ट्रक ढकलत नेतो, जर्मनीत २०१७ साली चाचणी घेऊन दाखवलं होतं. आपल्याकडची चाकांची पोलीस बॅरिकेडं तर माणसांची रांग लावायला आहेत, गाडी थोपवायला नाहीत.

बर्लिनचं एक सांगतो. १९ डिसेंबर २०१६ ला नाताळच्या बाजारात मालट्रक घुसला आणि त्या दिवशी बारा जण गेले. तो ट्रक सत्तर-ऐंशी मीटरवर थांबला, कारण त्यात धडक ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती. युरोपनं अवजड गाड्यांना ती सक्तीची केली होती, अपघात टाळण्यासाठी. हल्ल्याचा विचारही तेव्हा कोणी केला नसेल, पण त्या नियमानं त्या रात्री माणसं वाचवली.

पर्वरीची_मंदा (३ जानेवारी, १०.४०)

अभियंतादादा, पटलं. पण मला विचाराल तर आपल्याला जास्त धोका दारू पिऊन चालवणाऱ्यांचा आहे. बाणस्तारीच्या पुलावर ऑगस्ट २०२३ मध्ये भरधाव मोटारीनं तीन माणसं घेतली. त्यांच्या घरच्यांना तुम्ही दहशतवादाची व्याख्या सांगणार का?

फोंड्याचा_अभियंता (३ जानेवारी, १०.४८)

मंदाताई, म्हणूनच तर सांगतोय. खांब हेतू विचारत नाही.

तारवटी_चिंबल (४ जानेवारी, पहाटे २.०५, जहाजावरून)

मी क्रूझवर काम करतो. २०१७ च्या उन्हाळ्यात आमचं जहाज फ्रान्समधल्या नीसच्या जवळ नांगर टाकायचं. सुटी मिळाली की आम्ही गाडीनं नीसला जायचो. समुद्राच्या कडेनं लांबच लांब रस्ता, निळ्या खुर्च्या, आइस्क्रीम खाणारी पोरं. मिरामारची सय येते अगदी.

१४ जुलै २०१६, त्यांच्या राष्ट्रीय दिनाची आतषबाजी संपून लोक घरी निघाले होते. एकोणीस टनांचा भाड्याचा ट्रक जवळजवळ दोन किलोमीटर गर्दीतून गेला. ८६ माणसं मेली, त्यांत पंधरा मुलं. मी गेलो तेव्हा वर्ष उलटलं होतं. एका बागेत वाजंत्र्यांचा मंडप आहे, तिथं लोकांनी फुलं आणि खेळणी आणून ठेवली होती. पावसानं भिजून, उन्हात सुकून रंग उडालेले अस्वलाचे बाहुले. माझी चेडू तेव्हा सहा वर्षांची. मी तिथं पाच मिनिटंही उभा राहू शकलो नाही.

तिथले लोक चिडलेले होते ते वेगळ्याच गोष्टीवर. साडेतीन टनांवरच्या गाड्यांना त्या रस्त्यावर बंदी होती. तरी हा माणूस आधीचे काही दिवस तोच ट्रक घेऊन तिथं फिरून गेला होता, कॅमेऱ्यांसमोरून. कोणी हटकलं नाही. नंतर पोलीस किती होते, कुठे होते यावर केंद्र सरकार आणि शहराचे नेते एकमेकांवर ढकलत बसले. चार दिवसांनी मौन पाळायला पंतप्रधान आले, तर लोकांनी त्यांची हुर्यो उडवली.

आणि एक. त्याच १४ जुलैला दुपारी राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं होतं की पॅरिसच्या हल्ल्यांनंतरची आणीबाणी महिनाअखेरीस उठेल. रात्री हे घडलं. मग ती वाढत वाढत नोव्हेंबर २०१७ पर्यंत चालली. आणीबाणी चालू असतानाच तो ट्रक तिथं पोचला होता, हे मला विसरता येत नाही.

रायबंदरकर (४ जानेवारी, ७.२०)

तारवटीभाऊ, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. दर्यावर सांभाळून राहा.

संपादक मंडळ (४ जानेवारी, ११.००)

एका समाजाला सरसकट दोषी धरणारा एक प्रतिसाद काढला आहे. मतभेद चालतील, हे चालणार नाही.

मडगावची_शालू (४ जानेवारी, ११.२५)

काढलात ते बरं केलंत, पण उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. नीसमध्ये अगदी सुरुवातीला चिरडली गेली ती एक मुसलमान आई होती, हिजाब घातलेली. १९ जून २०१७ ला लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये उलटं झालं. रमजानची नमाज पढून निघालेल्यांवर एकानं व्हॅन घातली, एक जण मेला. जमाव त्या माणसावर धावला तेव्हा मशिदीच्या इमामानं मध्ये पडून त्याला वाचवलं आणि पोलिसांच्या हाती दिलं. न्यायालयात त्याला जन्मठेप झाली. आणि नुकतंच २० डिसेंबरला जर्मनीतल्या माग्डेबर्गच्या नाताळ बाजारात मोटार घालून पाच जणांना मारणारा मूळचा सौदी डॉक्टर, तो तर इस्लामच्याच विरोधात लिहीत असे.

आमच्या मडगावचंही आठवा. २००९ साली दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी स्कूटरवरची स्फोटकं फुटली, गाव नरकासूर बघायला बाहेर पडलेला असताना. स्कूटरवरचे दोघेच गेले. बाकीच्या आरोपींची २०१३ मध्ये निर्दोष सुटका झाली. मी त्या रात्री नवऱ्याबरोबर नगरपालिकेच्या चौकात होते. आवाज ऐकून आम्हाला फटाकाच वाटला होता.

म्हापशेकार (४ जानेवारी, ११.५०)

शालूबाय, हे मला ठाऊक नव्हतं, म्हणजे इमामाचं. घरी वाचून दाखवलं.

सिस्टर_बांबोळी (४ जानेवारी, दुपारी ३.३०)

रायबंदरकरांचा पहिला प्रश्न पहिल्या दहा मिनिटांचा होता, त्यावर कोणी बोललंच नाही. मी कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहिते.

गाडीच्या धडकेत माणूस जातो तो बऱ्याचदा रक्तस्रावानं, आणि त्यातला बाहेरचा रक्तस्राव जवळचा माणूस थांबवू शकतो. कापड घ्या, ओढणी, शर्ट, काहीही. जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबा. थांबलं का बघायला मध्येच उचलू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. माणूस वाटेत पडलाय म्हणून त्याला खांदे धरून ओढू नका, मणका मोडलेला असू शकतो. तिथं आणखी धोका असेल तरच हलवा. १०८ ला सांगताना 'मार्केटात' एवढंच सांगू नका. कोणती बँक, कोणतं देऊळ, कोणत्या बाजूनं आत यायचं, ते सांगा.

दुसरं. अशा वेळी इस्पितळात आधी पोचतात ते कमी लागलेले, कारण ते स्वतःच्या पायांनी किंवा पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागं बसून येतात. गंभीर रुग्ण मागाहून येतो आणि तोवर खाटा भरलेल्या असतात. म्हणून खरचटलेल्या, हात मोडलेल्या माणसाला सरळ गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, आणू नका. म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, आपण आझिलो आणि हॉस्पिसियो म्हणतो ती.

पायलट लोकांना हे शिकवावं असं मला फार वाटतं. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल प्रत्येक नाक्यावर असते. रस्त्याच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. पोलीस अडकवतील या भीतीनं कोणी मागं राहू नये.

पर्वरीची_मंदा (४ जानेवारी, ३.५२)

सिस्टर, हे छापून आमच्या सोसायटीत लावते. चालेल ना?

सिस्टर_बांबोळी (४ जानेवारी, ४.१०)

लावा की. मोठ्या अक्षरांत लावा, म्हाताऱ्यांना दिसेल असं.

जुना_वार्ताहर (४ जानेवारी, रात्री ८.१५)

सरकारकडं काय मागायचं? मी म्हणेन, आधी खरं बोलणं मागा. न्यू ऑर्लिन्समध्ये महापौर दहशतवादी हल्ला म्हणाल्या, त्याच पत्रकार परिषदेत एफबीआयच्या अधिकारी म्हणाल्या की ही दहशतवादी घटना नाही. थोड्याच वेळात भूमिका बदलली. पहिल्या दिवशी सांगितलं की त्याला साथीदार असावेत, दुसऱ्या दिवशी म्हणाले एकटाच होता. बर्लिनला २०१६ मध्ये तर भलत्याच माणसाला पकडलं, एका पाकिस्तानी आश्रिताला. त्याचा काही संबंध नव्हता, दुसऱ्या दिवशी सोडलं. खरा हल्लेखोर चार दिवसांनी इटलीत, मिलानजवळ पोलिसांच्या गोळीनं मेला.

माहिती नसेल तर 'तपास चालू आहे, दोन तासांनी पुन्हा सांगतो' एवढं म्हणावं आणि दोन तासांनी खरोखर यावं. लोक थांबतात. २०१५ च्या नोव्हेंबरात ब्रसेल्सच्या पोलिसांनी विनंती केली की छाप्यांचे फोटो टाकू नका, हल्लेखोरांना कळेल. तर अख्ख्या गावानं त्या रात्री आपापल्या मांजरांचे फोटो टाकले! दुसऱ्या दिवशी पोलिसांनी आभार मानले ते मांजराच्या खाऊच्या वाडग्याचं चित्र टाकून.

मडगावची_शालू (४ जानेवारी, ८.४०)

आमच्याकडं तीन माजरां आसात. वेळ आली तर मी तयार आहे. :)

टिपरमालक_साखळी (४ जानेवारी, १०.३०)

मला इंजिनियरसारखं लिहिता येत नाही, तरी लिहितो. खाणी २०१२ ला बंद पडल्या, चालू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद पडल्या. डिचोली-साखळी भागात टिपर (खनिज वाहणारे ट्रक) उभे आहेत. टिपर मातीनं भरून रस्त्याच्या तोंडाशी आडवा लावला तर कोणता पिकअप आत जाईल? न्यूयॉर्कला मिरवणुकीच्या दिवशी कचऱ्याचे ट्रक वाळूनं भरून असेच लावतात, पुतण्या तिकडं आहे त्यानं फोटो पाठवलेला.

माग्डेबर्गला तो मोटारवाला ॲम्ब्युलन्ससाठी सोडलेल्या वाटेनं आत गेला म्हणतात. मग वाट बंद केली तर आजारी माणूस अडकतो आणि उघडी ठेवली तर हा शिरतो. टिपरला ते कोडं नाही, कारण टिपरला ड्रायव्हर असतो. ॲम्ब्युलन्स आली की मागं घेतो, गेली की पुन्हा पुढं. फक्त त्यानं रात्रभर सीटवर बसून राहायला हवं.

आणि माझ्या ड्रायव्हर भावांना हात जोडून सांगणं आहे. बर्लिनचा ट्रक पोलंडच्या एका ड्रायव्हरचा होता, त्याला केबिनमध्येच गोळी घालून मारलं. स्टॉकहोममध्ये २०१७ साली बिअरचा ट्रक माल उतरवताना पळवला आणि पाच माणसं गेली. माल उतरवताना चावी गाडीला ठेवू नका. आपण सगळे ठेवतो. मीही ठेवायचो.

फोंड्याचा_अभियंता (५ जानेवारी, सकाळी ८.०५)

टिपरमालक, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा आहे. वाटेचा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही, तो तुम्ही चार ओळींत सोडवलात. एकच भर: टिपर गर्दीला अगदी चिकटून लावू नका. धडक बसली तर तोही थोडा सरकतो.

न्यू ऑर्लिन्सचे नवे खांबही ताशी दहा मैलांच्याच धडकेपुरते आहेत अशी बातमी आली आहे. सरकारी खरेदीत 'खांब बसवले' एवढ्यानं काम पुरं होतं. किती वजन, किती वेग, रोज संध्याकाळी ते वर कोण करणार, खाच कोण साफ करणार, हे आपण विचारायला हवं.

खांडेपारचा_बाबू (५ जानेवारी, ९.१२)

अवांतर: मेलबर्नला २०१७ मध्ये असे काँक्रीटचे ठोकळे ठेवले, तर कलाकारांनी रातोरात त्यांना रंगीत कपडे चढवले. आमच्या वाड्यावरच्या पोरांना दिले तर प्रत्येक ठोकळ्याला शिंगं, दाढा आणि लाल जीभ येईल. स्पर्धाही लागेल!

वकीलबाय_पणजी (६ जानेवारी, रात्री ९.४५)

उशिरा आले. नुकसानभरपाईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण घरचा माणूस गेल्यावर हे सगळं मागं राहिलेल्या बाईच्या अंगावर येतं.

आपल्याकडं गाडीनं केलेला हल्लाही दहशतवादी कृत्य ठरू शकतो. यूएपीएच्या (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या) १५ व्या कलमात स्फोटकं, शस्त्रं यांच्याबरोबर 'इतर कोणत्याही साधनानं' असे शब्द आहेत. भारतीय न्याय संहितेत ११३ वं कलम आहे. पण तसं ठरलं की केंद्राच्या योजनेतून मृताच्या कुटुंबाला पाच लाख मिळतात. तीच गाडी न सापडणाऱ्या अज्ञात चालकाची असेल तर मोटार वाहन कायद्याखाली दोन लाख. चालक सापडला तर न्यायाधिकरणात दावा, कमाई आणि वय यांचा हिशेब, तारखा. मेलेला माणूस तोच, रस्ता तोच. अधिकारी पहिल्या दिवशी कोणता शब्द वापरतात त्यावर त्या घराची पुढची वर्षं ठरतात.

फ्रान्समध्ये यासाठी कायमचा निधी आहे. घर-मालमत्तेच्या प्रत्येक विमा पॉलिसीमागं काही युरो त्यात जातात, म्हणजे सगळा देश थोडंथोडं भरतो. उलट बर्लिनला काही नातेवाइकांना शवतपासणीची बिलं घरी आली. वर्षभर चॅन्सेलरबाई त्यांना भेटल्या नाहीत म्हणून कुटुंबांनी उघडं पत्र लिहिलं. मग भेट झाली, रकमा वाढल्या. पत्र लिहावं लागलं याचं मला वाईट वाटतं.

रायबंदरकर (७ जानेवारी, सकाळी ६.५०)

वकीलबाय, मी हा विचारच केला नव्हता. मी खांबांतच अडकलो होतो.

माग्डेबर्गची एक जखमी बाई काल इस्पितळात वारली. आता मृत सहा.

डिचोलीची_लेक (६ मे २०२५, रात्री ११.२०)

धागा वर काढतेय. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत ३ तारखेच्या पहाटे चेंगराचेंगरीत सहा जण गेले. आम्ही लईराईचे पिढ्यान्‌पिढ्या. माझा भाऊ धोंड (देवीचं व्रत करणारा भक्त) आहे, मी माहेरी होते. तो परत येईपर्यंत आई देवासमोरून उठली नाही. ज्या उतारावर झालं तिथून आम्ही लहानपणी धावत खाली यायचो.

तिथं गाडी नव्हती, दहशतवादी नव्हता. तरी मला हाच धागा आठवला. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्या त्याच दिवशी बदल्या झाल्या, सत्यशोधन समिती नेमली. पण उतारावर एका वेळी किती माणसं सोडायची, हे जत्रेच्या आधी कोणी ठरवलं होतं? आणि व्हँकुव्हरला २६ एप्रिलला फिलिपिनो लोकांच्या उत्सवात गाडी घुसून अकरा जण गेले. पोलीस म्हणाले, हा दहशतवाद नाही. आधी धोका तपासला होता आणि कमी ठरवला होता.

सिस्टर_बांबोळी (७ मे, पहाटे ५.४०)

बाय, भाऊ सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आईला जप. ती रात्र अंगातून जायला वेळ लागतो, तिला बोलू दे.

टिपरमालक_साखळी (७ मे, ८.००)

आमच्या गावचा एक पोरगा जखमी होता. आता बरा आहे. देवी सगळ्यांना बळ देवो.

रायबंदरकर (२० ऑक्टोबर २०२५, दुपारी १२.३०)

दिवाळीच्या शुभेच्छा. आत्ता झोपून उठलो, म्हणून उशीर.

यंदा आमच्या वाड्याच्या मंडळानं परवानगीच्या अर्जाबरोबर एक साधा नकाशा जोडला. रस्त्याची दोन तोंडं, टिपरची जागा, ॲम्ब्युलन्सची वाट, सिस्टरांच्या सूचना पाठीमागं छापलेल्या. पोलिसांचा माणूस येऊन जागा बघून गेला आणि हो म्हणाला. साखळीहून टिपरमालकांनी टिपर पाठवला, पैसे घेतले नाहीत. ड्रायव्हर रात्री आठपासून केबिनमध्ये होता. आम्ही त्याला जेवण वर दिलं, फोव आणि आंबाड्याचं रायतं, आणि दर तासाला कोणीतरी जाऊन गप्पा मारत होतं, म्हणजे डोळा लागू नये. चावी त्याच्या खिशात.

एक वाजता खालच्या वाड्यावरच्या एका आजोबांना घ्यायला १०८ आली. टिपर मागं गेला, ॲम्ब्युलन्स आत, टिपर पुन्हा पुढं. मी घड्याळ लावलं होतं: चाळीस सेकंद. पोरांनी ढोल थांबवून वाट करून दिली, कोणी सांगितलं नव्हतं.

नदीकडचं तोंड मात्र नीट बंद झालं नाही. दुसरा टिपर मिळाला नाही. दोन मोटारी आडव्या लावल्या आणि मी आणि शेजारणीचा मुलगा पहाटे नरकासूर जाळेपर्यंत तिथं उभे होतो. मोटारीच्या बाजूनं फुटपाथ मोकळाच होता, बर्बन स्ट्रीटवर होता तसा. रात्रभर मी त्या फुटपाथकडं बघत होतो.

शिगम्याच्या रोमटाला, म्हणजे मिरवणुकीला, मला दोन टिपर हवेत. कोणाकडं आहे का?

टिपरमालक_साखळी (२० ऑक्टोबर, १२.४५)

भावाकडं आहे. आज फराळाला त्याच्याकडंच जातोय, विचारतो.

फोंड्याचा_अभियंता (२० ऑक्टोबर, १.१०)

फुटपाथची रुंदी मोजून पाठवा.